बापाच्या वाट्याचं काम: वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरं

दिव्यांग मुलांच्या वडिलांनी रोजच्या अडचणी लिहून पाठवाव्यात, असं गेल्या अंकात सांगितलं होतं. कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून पत्रं आली. बऱ्याच पत्रांची सुरुवात ‘तसं घरात मिसेसच सगळं बघते, पण’ अशीच आहे. या ‘पण’च्या पुढं जे आलं, ते खाली घेतलंय. औषधाचा डोस मात्र इथं कुणाला सांगितलेला नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

मुलगा ११ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, वजन २८ किलो. चालत नाही. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत मीच उचलतो. आता माझी कंबर धरायला लागलीय. घर जुनं, दारात दोन पायऱ्या. शिबिरात व्हीलचेअर मिळाली, पण तो तीत एका बाजूला कलंडतो.
— वाचक, कसबा बावडा

कंबर धरते ती पोराच्या वजनापेक्षा उचलण्याच्या पद्धतीमुळं. पाठ वाकवून वजन उचललं तर तालमीत वस्ताद ओरडतात, घरी ओरडायला कुणी नसतं एवढाच फरक. उचलण्याआधी त्याला तोंडानं सांगा, ‘आता उचलतोय, एक, दोन, तीन.’ अचानक हात लावला की अशा मुलांचं अंग ताठ होतं आणि ताठ अंग उचलायला दुप्पट जड जातं. मग त्याचे गुडघे आणि खुबे दुमडून पोटाकडं आणा. अंग दुमडलं की ताठरपणा बराच उतरतो. एक हात मांड्यांखाली, दुसरा पाठीमागून पलीकडच्या बरगडीपर्यंत. त्याला छातीशी घट्ट घ्या आणि जोर मांड्यांचा लावून उठा. उचलून झाल्यावर कमरेतून वळू नका, पावलं टाकून सगळं अंग वळवा. नुसत्या काखेत हात घालून किंवा दंड धरून कधीच ओढू नका, खांदा निखळू शकतो.

याहून मोठा फायदा उचलणं कमी करण्यात आहे. पलंग आणि खुर्चीची बैठक एकाच उंचीला आणली, तर सरकवून काम भागतं. पलंगाचे पाय कापून किंवा खाली लाकडी ठोकळे देऊन हे जमतं. खुर्ची पलंगाला तिरकी लावा, ब्रेक लावा, पायपट्ट्या वर करा, खुर्चीचा त्या बाजूचा हात निघत असेल तर काढा. २८ किलोचं पोर दोन-तीन वर्षांत ४० किलोचं होणार, हे धरून चाला. दोघांनी मिळून उचलायची सवय आताच लावा. एक मागून, एक पायांकडून, आणि मोजणी मागच्यानं करायची.

आता खुर्ची. शिबिरात बऱ्याचदा मोठ्यांच्या मापाची, १६ ते १८ इंच बैठकीची खुर्ची हातात पडते. अंगापेक्षा मोठ्या खुर्चीत मूल कलंडणारच, आणि रोज एकाच बाजूला कलंडत राहिलं की पाठीचा कणाही तसाच वाकत जातो. माप घरी घेता येतं. त्याला कडक बाकावर, ढुंगण पार मागं टेकवून बसवा. खुब्यांची रुंदी मोजून त्यात एक इंच मिळवा, ती बैठकीची रुंदी. ढुंगणाच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत मोजून त्यातून दोन इंच वजा करा, ती खोली. पाय पायपट्टीवर टेकले पाहिजेत, लोंबकळता कामा नयेत. पट्टा पोटावर नको. खुब्याच्या पुढच्या बाजूनं, मांडी आणि पोट जिथं जुळतात तिथून, ४५ अंशांच्या कोनात मागं जाईल असा हवा. पोटावर बांधला की मूल खालून घसरतं आणि पट्टा वर छातीवर चढतो. ‘वाढत्या अंगाची घेऊया’ हा शाळेच्या गणवेशाचा हिशोब इथं चालत नाही. नवी खुर्ची मिळेपर्यंत दोन्ही कडांना घट्ट फोमच्या उश्या बसवून घ्या. मऊ कापसाच्या नकोत, त्या आठवड्यात दबतात.

दारातला उतार बारास एक या प्रमाणात धरतात. म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. तुमच्या दोन पायऱ्या मिळून १४ इंच असतील तर १४ फूट लागतील आणि पेठेतल्या घराला एवढं अंगण नसतं. तेव्हा फिजिओकडून खुर्ची पायरीवरून न्यायचं तंत्र शिकून घ्या. चढताना खुर्ची उलटी करून, मोठी चाकं पायरीला टेकवून मागं कलती करायची आणि एकेक पायरी वर ओढायची. उतरतानाही त्याचं तोंड बाहेरच्या बाजूलाच, खुर्ची मागं कलती ठेवून आधी मोठी चाकं खाली. पुढं एक माणूस असलाच पाहिजे. त्यानं खुर्चीची चौकट धरायची, पायपट्टी नाही. पायपट्टी हातात निघून येते.

न्हाणीत शहाबादी असेल तर सक्शनची रबरी मॅट चिकटत नाही, कारण दगड खडबडीत असतो. रुंद पायांची, पायांना रबरी बूच असलेली आणि पट्टा लावता येईल अशी आंघोळीची खुर्ची घ्या. साबण लावण्याआधीच त्याला खुर्चीत बसवा. साबण लावलेलं पोर उचलायला जाऊ नका.

आणखी एक गोष्ट उचलणाऱ्यालाच आधी कळते. मांड्या पूर्वीसारख्या फाकत नाहीत, कपडे बदलताना तो कळवळतो, एक पाय आखूड दिसतो. न चालणाऱ्या मुलांचा खुबा हळूहळू सांध्याबाहेर सरकतो, तेव्हाची ही लक्षणं. वेदना सुरू व्हायची वाट बघू नका. हाडांच्या डॉक्टरांना विचारून ठरावीक काळानं खुब्याचा एक्स-रे काढत राहा.

मुलीला फिट येते. घरातली मोठी माणसं कांदा, चप्पल हुंगवतात, हातात किल्ल्या देतात. मी फौंड्रीत पाळीला असतो. बायको घाबरून जाते.
— वाचक, गोकुळ शिरगाव परिसर

कांदा, चप्पल, लोखंड यांचा काही उपयोग नाही. फिट बहुतेक वेळा आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. तोंडात चमचा किंवा बोट घातलं तर दात तुटतो, बोट फुटतं, तुकडा श्वासनलिकेत जातो. शुद्ध पूर्ण येईपर्यंत पाणीसुद्धा नको.

करायचं एवढंच. घड्याळ बघायचं, आजूबाजूचं टणक सामान हटवायचं, डोक्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवायचा, झटके सैल झाले की कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर वाहते. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर १०८ ला फोन. फिट थांबवायला नाकात मारायचा स्प्रे द्यावा का, हे डॉक्टरांना विचारा. दिला तर किती आणि कधी मारायचा हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. फिटचा व्हिडिओ काढला तर डॉक्टरांना निदानाला मोठी मदत होते. त्यात निर्दयपणा काही नाही, फक्त दुसऱ्या कुणीतरी काढावा.

तुमच्या वाट्याला घेण्यासारखं काम म्हणजे औषध. ‘आधी हलवा’ असं लिहिलेलं औषध नीट हलवलं नाही की खरं औषध तळाशी बसतं. मग वरचे डोस पातळ, खालचे कडक. नवी बाटली फोडली की फिट येते आणि बाटली संपत आली की मूल पेंगतं, असं दिसलं तर आधी हे तपासा. चमच्यानं मोजू नका, मिलीच्या खुणा असलेली सिरिंज वापरा. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर ‘दर ५ मिलीत किती मिलिग्रॅम’ हा आकडा जुन्या बाटलीशी ताडून बघा. आणि फिट बंद झाल्या म्हणून औषध मनानं बंद करायचं नाही. सगळ्यात वाईट फिट अशा वेळी येतात.

मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम. घरातून निसटतो. रंकाळा तलाव जवळ आहे, जीव टांगणीला असतो. सणासुदीला तर विचारूच नका.
— वाचक, रंकाळा परिसर

ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना पाण्याची ओढ असते आणि धोक्याचं भान कमी असतं. म्हणून मूल दिसेनासं झालं की सगळ्यात आधी पाणी. एकानं थेट रंकाळ्यावर पळायचं, दुसऱ्यानं गल्लीतली विहीर, बांधकामाचा हौद, उघडी टाकी बघायची, तिसऱ्यानं घरातच पलंगाखाली आणि कपाटात शोधायचं. कोण कुठं जाणार हे आजच ठरवा, गडबडीत सगळे एकाच दिशेला धावतात. त्याच वेळी ११२ ला फोन. ‘२४ तास थांबा’ असा नियम नाही, मूल हरवल्याची तक्रार पोलिसांना लगेच घ्यावी लागते. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा, ‘मुलगा बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, पाण्याकडं जातो.’ नाहीतर शोधणारे नुसत्या हाका मारत फिरतील.

दाराला त्याचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर कडी आणि दार उघडलं की वाजेल अशी घंटी लावा. पण बाहेरून कुलूप घालून त्याला एकटं ठेवायचं नाही, घरात आग लागली तर काय? शर्टाच्या आतल्या बाजूला आणि मनगटावरच्या पट्टीवर दोन मोबाइल नंबर असू द्या. नाव ठळक नको, अनोळखी माणूस नावानं हाक मारून जवळीक करतो. गर्दीत जायच्या दिवशी निघतानाच त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांतला पूर्ण फोटो काढून ठेवा. अंगात काय होतं, हे ऐन वेळी कुणालाही आठवत नाही.

हा झाला बंदोबस्त. तो का निसटतो, हे त्याहून महत्त्वाचं. पंधरा दिवस एका वहीत टिपा: किती वाजता निसटला, त्याआधी काय चाललं होतं, कुठं सापडला. बहुधा दोनपैकी एक निघतं. कुकरची शिट्टी, पाहुणे, भांडण अशा कशापासून तरी तो पळतो, किंवा कशाकडं तरी जातो. पळत असेल तर घरात एक शांत कोपरा आणि कानांवर घालायचे जाड इअरमफ द्या. पाण्याकडं जात असेल तर पाणी तोडू नका, त्याला वेळ बांधून द्या. रोज सकाळी सहाला, गर्दीआधी, बापानं हात धरून रंकाळ्याला एक फेरी मारायची. जाण्याआधी चित्रांची पट्टी दाखवायची: चप्पल, रस्ता, पाणी, घर, दूध. ही फेरी ठरलेली आहे, चुकत नाही, हे त्याला पटलं की निसटणं बऱ्याचदा उतरतं. पावसात फेरी हुकणार असेल तर पट्टीवरचं पाण्याचं चित्र त्याच्यासमोर काढून त्या जागी दुसरं लावा. न सांगता रद्द केलीत तर तो एकटा जाईल. पोहायला जरूर शिकवा आणि पुढं अंगावरच्या कपड्यांसकट तरंगायचाही सराव द्या, पाण्यात पडताना तो पोहायच्या चड्डीत नसणार.

सणांचं म्हणाल तर विसर्जनाला महाद्वार रोड आणि चैत्रात जोतिबाचा डोंगर ही दोन्ही ठिकाणं अशा मुलाला जड जातात. एकीकडं छातीत घुमणारा आवाज, दुसरीकडं अंगाला चिकटणारा गुलाल. जोतिबाला न्यायचंच असेल तर यात्रा सोडून साध्या वारी पहाटे न्या. नातेवाईक ‘देवाला आणत नाही’ म्हणाले तर त्यांना उत्तर द्यायचं काम बापाचं, आईवर ढकलू नका.

मुलाला गिळायला त्रास होतो, घरी मटणाच्या दिवशी तोही हट्ट धरतो. रस्सा दिला की ठसका लागतो.
— वाचक, कागल

पातळ पदार्थ घशात सगळ्यात वेगानं उतरतो, म्हणून गिळण्याचा ताबा कमी असलेल्या मुलाला तोच अवघड जातो. त्यात रश्श्यात पातळ पाणी आणि घट्ट तुकडा एकत्र. तोंडाला एकाच वेळी दोन कामं. तांबडा असो की पांढरा, तो भातात कालवून मिक्सरमधून एकजीव करा, चमचा तिरका केला तर गोळा सरकन न पडता हळू घसरेल इतका दाट. मटण मऊ शिजवून त्यातच वाटा. चव तीच राहते, तिखट तेवढं बेतानं.

बसवताना खुबे आणि गुडघे काटकोनात, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. तुम्ही त्याच्यासमोर खाली बसा. उभं राहून भरवलं की तो मान वर करतो आणि श्वासनलिका उघडी पडते. अर्धा चमचा, गिळल्याचं दिसल्यावर पुढचा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. जेवताना आवाज ओला घरघरीत होणं, डोळ्यांत पाणी, वारंवार न्यूमोनिया, एका जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ, यांतलं काहीही असेल तर गिळणं तपासणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडं जा. काही मुलांना ठसका लागतच नाही आणि अन्न गुपचूप फुफ्फुसात जातं.

मुलगी दहा वर्षांची, डाऊन सिंड्रोम. तिची आई नाही. पाळीबद्दल तिला कसं शिकवू? मलाच लाज वाटते.
— वाचक, जयसिंगपूर

आत्ता सुरू करा, पाळी येण्याआधी. रक्त दिसल्यावर शिकवायला गेलात तर ती घाबरलेली असेल आणि घाबरलेलं मूल शिकत नाही. निकरवर पॅड जिथं बसतं तिथं धुऊन न जाणाऱ्या पेनानं बाह्यरेषा आखून द्या. आठवड्यातून दोनदा कोरडा सराव: पॅड उघडणं, रेषेत चिकटवणं, काढणं, कागदात गुंडाळणं, झाकणाच्या डब्यात टाकणं, हात धुणं. शेवटची पायरी आधी शिकवा. बाकी सगळं आत्यानं किंवा मावशीनं करायचं, तिनं फक्त डब्यात टाकून हात धुवायचे. ते जमलं की त्याआधीची पायरी. अशानं प्रत्येक वेळी काम तिच्या हातून पूर्ण होतं. पॅड ‘ओलं वाटलं की’ बदल असं सांगू नका, घड्याळावर बदलायला शिकवा, साधारण चार-चार तासांनी.

तुमचं काम दाराबाहेरचं. बाहेर उभं राहून, पायऱ्यांची चित्रं दाराच्या आतून लावून, तोंडानं आठवण करायची. आंघोळीतही आजपासून हात कमी करत जा, पाठ आणि केस एवढंच, तेही तिला विचारून. बापानं विचारून हात लावला तर दुसऱ्यानं न विचारता लावलेला हात चुकीचा, हे तिला कळतं. थायरॉईडची तपासणी वर्षातून एकदा चुकवू नका. या मुलांत थायरॉईड बिघडायचं प्रमाण जास्त असतं आणि सुस्तीकडं ‘असंच असतं’ म्हणून दुर्लक्ष होतं.

दाखला, कार्ड, विमा, यात नेमकं आधी काय? मुलगा सतरा वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग.
— वाचक, गडहिंग्लज

आधी दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, बाकी सगळं त्यावर उभं राहतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन, तपासणी नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जायचं असेल तर कोणत्या वारी कोणते तज्ज्ञ बसतात हे आधी विचारून निघा, बौद्धिक दिव्यांगतेला मानसशास्त्रज्ञांची चाचणी लागते. अर्ज अडकतो तो बहुतेकदा नावावर. आधार, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांत एखादं अक्षर वेगळं असेल तर आधी ते जुळवा. १५ व्या वर्षानंतरचं आधारचं बायोमेट्रिक झालंय का तेही बघा. कार्डाचा रंग टक्क्यांवर ठरतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि वर निळा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधले बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. दाखल्यावर ‘तात्पुरता’ लिहिलं असेल तर मुदत संपायच्या आधीच फेरतपासणीला अर्ज करा.

विम्यात ‘निरामय’ आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चौघांनाच. आधीपासूनचा आजार म्हणून यात नकार मिळत नाही आणि थेरपीचा खर्चही एका मर्यादेपर्यंत मिळतो. मूळ बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपा, झेरॉक्सवर दावा अडतो. तुम्ही प्राप्तिकर भरत असाल तर जुन्या करप्रणालीत ४० टक्क्यांवर ७५,००० आणि ८० टक्क्यांवर १,२५,००० रुपयांची वजावट आहे. नव्या प्रणालीत ती नाही, दोन्ही हिशोब करून निवडा.

मुलगा सतरा वर्षांचा, म्हणून मुख्य गोष्ट पुढची. १८ पूर्ण झाले की तुम्ही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाही. बँकेतला माणूस ‘त्याची सही हवी’ म्हणतो तेव्हा हे कळतं. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडं पालकत्वाचा अर्ज करायचा. आई-वडील दोघांनी मिळून करता येतो आणि तसाच करा, एक गेला तर दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून फिरावं लागू नये. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची असते, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. ‘धाकटा भाऊ बघेल’ हे तोंडी ठरवून भागत नाही. त्यासाठी मृत्युपत्र वकिलाकडून करून घ्या.

मुलीचा हात लिहिताना संथ चालतो. दहावीला काय सवलत मिळते?
— वाचक, इचलकरंजी

दाखला असेल तर लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडं जातो. नववीतच शाळेच्या मागं लागा आणि लेखनिकाबरोबर निदान चार-पाच पेपरांचा सराव करून घ्या. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, हुशार मुलंही पहिल्यांदा अडखळतात.

आम्ही काही बाप थेरपी सेंटरबाहेर गाड्यांवर बसून बोलत असतो. याचा नीट गट करता येईल का?
— वाचक, राजारामपुरी

येईल, पण ‘आता मन मोकळं करा’ म्हणून खुर्च्या गोल मांडल्या तर दुसऱ्या बैठकीला कुणी येणार नाही. हाताला काम द्या, तोंडं आपोआप उघडतात. महिन्यातून एकदा, दीड तास, व्हीलचेअर आणि वॉकर दुरुस्तीचा कार्यक्रम ठेवा. पुढच्या छोट्या चाकांच्या दांड्यात गुंतलेले केस आणि दोरे ब्लेडनं काढणं, सैल ब्रेक आवळणं, हवेची चाकं तपासणं. हवा कमी असेल तर ब्रेक घट्ट असूनही धरत नाही, हे फार जणांना माहीत नसतं. वार ठरवताना सगळ्यांच्या सुट्ट्या विचारा, सोमवारी सुट्टी असलेल्याला रविवार सोयीचा नसतो.

कोल्हापूरला एक जमेची बाजू आहे, उद्यमनगर हा छोट्या कारखान्यांचा भाग. चालायच्या सरावाचे समांतर बार इथं कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. सव्वा ते दीड इंची पाइप, लांबी आठ-दहा फूट, उंची मुलाच्या खुब्याइतकी म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकलं पाहिजे, आणि वाढत्या मुलासाठी वर-खाली करायची भोकं. टोकं बुचानं बंद, वेल्डिंगचे काटे घासून घेतलेले, तळ फरशीला बोल्टनं आवळलेला. माप फिजिओनं लिहून द्यायचं, अंदाजानं नाही. एकट्यानं करायला महाग पडतं, पाच जणांनी एकदम सांगितलं तर दर उतरतो.

नियम थोडेच ठेवा. मुलांचे फोटो ग्रुपवर नाहीत. ‘आमच्याला अमुक औषधानं फरक पडला’ म्हणून विक्री नाही. मुलांची तुलना नाही. नव्या बापाला पहिल्या दिवशी सल्ला द्यायचा नाही, ऐकून घ्यायचं. जिल्ह्यात मोठं काम उभं केलेल्या संस्था आहेत. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ इथलीच. अशा ठिकाणी गटानं भेट देऊन घरात काय बदल करता येतात ते बघून या. चालणारी रचना डोळ्यांनी बघितली की मापं लक्षात राहतात.

एखादा बाप यायचा बंद झाला, झोप लागत नाही म्हणाला, रोजची बाटली वाढली, तर त्याला ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही. दोघांनी घरी जायचं. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो नंबर त्याला नुसता देऊ नका, शेजारी बसून लावून द्या.